पहिल्या घराची सवलत नोंदणीच्या टेबलावरच द्या

एकाच इमारतीतले, एकाच मजल्यावरचे, सारख्याच किमतीचे दोन फ्लॅट घ्या. एक घेतला आजवर भाड्याने राहिलेल्या तरुण जोडप्याने, हे त्यांचं पहिलं घर. दुसरा घेतला आधीच दोन फ्लॅट नावावर असलेल्या गृहस्थांनी, भाड्याने द्यायला. दोघांचं कर्ज सारखं, व्याजदर सारखा, आणि दोघेही प्राप्तिकराच्या नव्या करप्रणालीत. विवरणपत्र भरायची वेळ येते तेव्हा भाड्याने देणाऱ्याला भाड्यातून आधी ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि उरलेल्या भाड्यातून गृहकर्जाचं व्याज वजा होतं. नव्या कर्जाचं व्याज भाड्यापेक्षा सहसा जास्तच असतं, त्यामुळे भाड्यावरचा कर शून्यावर येतो. पहिल्या घरात राहायला गेलेल्या जोडप्याला मात्र त्याच व्याजापोटी एक रुपयाही वजा करता येत नाही.

यामागे हिशेबाचा एक तर्क आहे. भाडं हे उत्पन्न आहे, ते मिळवण्यासाठी दिलेलं व्याज हा खर्च आहे, म्हणून तो वजा होतो. स्वतः राहतो त्या घरातून उत्पन्न नाही, मग वजावट कशातून करायची? हिशेबनीसाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण आपल्या देशात घरावरची करसवलत हिशेबाच्या शिस्तीसाठी कधीच दिली गेली नव्हती. सामान्य माणसाने डोक्यावर स्वतःचं छप्पर करावं, म्हणून ती दिली होती. तो हेतू सरकारने सोडला असेल तर तसं सांगावं. सोडला नसेल, तर आज पहिलं घर घेणाऱ्याच्या हातात नेमकं काय पडतं, हे एकदा नीट मोजायला हवं.

मागचा हिशेब आधी मांडतो. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम २४ ब खाली होती. तिची मर्यादा अरुण जेटलींनी जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात दीड लाखावरून दोन लाखांवर नेली. तेव्हापासून ती दोन लाखच आहे. घरांच्या किमती, कर्जाच्या रकमा, हप्ते सगळं वाढलं, ही मर्यादा जागची हलली नाही. मुद्दलाची वजावट ८०सी मध्ये, पण तिथे दीड लाखाच्या आत पीएफ, विम्याचे हप्ते, मुलांची शाळेची फी अशी आधीच गर्दी. मुद्रांक शुल्कही त्याच दीड लाखात. पगारातून पीएफ कापला जाणाऱ्या माणसाची ही जागा बरीचशी आधीच भरलेली असते.

खास पहिल्या घरासाठी म्हणून तीनदा खिडकी उघडली. २०१३ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी कलम ८०ईई आणलं: घर ४० लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं, व्याजाची जादा वजावट एक लाख, आणि कर्ज त्याच आर्थिक वर्षात मंजूर झालेलं हवं. २०१६ मध्ये जेटलींनी तेच कलम पुन्हा उघडलं: घर ५० लाखांपर्यंत, कर्ज ३५ लाखांपर्यंत, जादा वजावट ५० हजार, पुन्हा एकाच वर्षापुरतं. २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी ८०ईईए आणलं: घराची मुद्रांक किंमत ४५ लाखांपर्यंत, जादा वजावट दीड लाख. याला दोनदा मुदतवाढ मिळाली आणि ३१ मार्च २०२२ ला तेही बंद झालं. ज्याचं कर्ज त्या मार्चमध्ये मंजूर झालं त्याला कर्ज फिटेपर्यंत सवलत, आणि ज्याचं एप्रिलमध्ये झालं त्याला काहीच नाही. दोघांची गरज एकच होती, फरक फक्त बँकेने सही केल्या तारखेचा.

या खिडक्यांचा सर्वांत मोठा फायदा जाहिरात करणाऱ्यांना झाला. मुदत संपण्याच्या तोंडावर ‘३१ मार्चपर्यंतच’ असे फलक लागतात, बुकिंग काउंटरवर घाई केली जाते आणि आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार माणूस कागदपत्रं न वाचता उरकतो. पहिल्यांदा घर घेणारा या बाबतीत सर्वांत कच्चा असतो. त्याने याआधी कधी टायटल सर्च रिपोर्ट पाहिलेला नसतो, भोगवटा प्रमाणपत्र आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला यातला फरक त्याला ठाऊक नसतो. त्यालाच आपण घड्याळ दाखवून पळवतो. हे मला मनापासून खटकतं.

पण मुदतीपेक्षाही खोल दोष या सवलतीच्या रचनेत आहे. ही सगळी वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. दोन लाखांच्या व्याजावर जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकर धरून ६२,४०० रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ४१,६०० वाचतात. ज्याचं करपात्र उत्पन्न मुळातच पाच लाखांच्या आत आहे त्याचं काहीच वाचत नाही, कारण त्याला कर लागतच नव्हता. जितकी कमाई जास्त तितकी मदत जास्त, आणि जितकं कर्ज मोठं तितकी, मर्यादेपर्यंत, सवलत मोठी. ज्याने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले, सोनं मोडलं आणि कर्ज कमी काढलं, त्याला सवलतही कमी.

आपल्याकडे हे नेहमी असंच नव्हतं. २००४-०५ पर्यंत प्राप्तिकर कायद्यात कलम ८८ होतं. त्यात गृहकर्जाच्या मुद्दलासह ठरावीक बचतीच्या काही टक्के रक्कम थेट करातून वजा व्हायची. शेवटच्या वर्षांत तर दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्याला २० टक्के, दीड ते पाच लाखांवाल्याला १५ टक्के आणि पाच लाखांवरच्याला शून्य, असा उतरता दर होता. म्हणजे कमी कमावणाऱ्याला जास्त आणि जास्त कमावणाऱ्याला कमी. २००५ च्या अर्थसंकल्पात ते कलम जाऊन ८०सी आलं आणि हे गणित उलटं झालं. यावर तेव्हा फारशी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. सुटसुटीतपणाच्या नावाखाली एक न्याय्य गोष्ट गेली, एवढं खरं.

आता नव्या करप्रणालीकडे येऊ. २०२०-२१ पासून ती ऐच्छिक होती, २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तिच्यात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजार. मध्यमवर्गाला हा मोठा दिलासा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा एक परिणाम घरांच्या चर्चेत कोणी बोलत नाही. वार्षिक १२ लाखांच्या आत कमावणाऱ्याला आता व्याजाची वजावट दिली काय आणि न दिली काय, सारखंच. त्याचा कर शून्य आहे, शून्यातून काय वजा करणार? आणि पहिलं घर घेणाऱ्यांचा फार मोठा वर्ग याच उत्पन्नाचा आहे. शाळेत शिकवणारी बाई, कारखान्यातला सुपरवायझर, खासगी रुग्णालयातली परिचारिका, बँकेतला कारकून. या लोकांसाठी ‘गृहकर्जावर करसवलत’ या शब्दांत आज काहीही उरलेलं नाही.

म्हणूनच बिल्डरांच्या संघटना दर अर्थसंकल्पाआधी व्याजाची मर्यादा दोन लाखांवरून पाच लाख करा अशी जी मागणी करतात, तिला माझा विरोध आहे. नव्या प्रणालीतही ही वजावट द्या, अशी जोड तिला हल्ली मिळते. ती मान्य झाली तर लाभ होईल तो १२ लाखांच्या वर कमावणाऱ्याला, आणि त्यातही २४ लाखांच्या वरच्या, ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला सर्वांत जास्त. सवलत पाच लाखांची मिळाली की ग्राहक थोडं मोठं कर्ज काढू शकेल, म्हणजे थोडी मोठी किंमत देऊ शकेल, हे बिल्डरांना पक्कं ठाऊक आहे. सरकारी तिजोरीतून एवढा पैसा जाणारच असेल, तर तो पहिल्या घराच्या उंबऱ्यावर अडलेल्या माणसाकडे गेला पाहिजे.

आणि तो माणूस नेमका कुठे अडतो? हप्त्यावर नाही. हप्ता तो भाड्याच्या जागी, थोडी जास्त ओढाताण करून, भरतो. तो अडतो सुरुवातीला लागणाऱ्या रोख रकमेवर.

गेल्या वर्षी पुण्यात भाचीच्या घराची नोंदणी होती, साक्षीदार म्हणून गेलो होतो. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट, करारनामा ४० लाखांचा. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे स्वतःचे आठ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के: दोन लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. परवडणाऱ्या घरात बसत असल्यामुळे जीएसटी एक टक्का: ४० हजार. बेरीज साडेअकरा लाख, बँकेचा पहिला चेक निघण्याआधी किंवा त्याच्या बरोबरीने. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून बँकेला कर्ज देता येत नाही, दहा लाखांच्या आतल्या घरांचा अपवाद सोडून, आणि दहा लाखांत पुण्यात घर कुठे आहे? घर दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे महिलांना मिळणारी एक टक्का सूट नाही. ती सगळे खरेदीदार महिला असतील तरच मिळते.

पैसे उभे झाले ते असे: जावयाचा पीएफ काढला, बहिणीच्या पाटल्या मोडल्या, आणि मुद्रांक शुल्काला कमी पडलेले पैसे पतसंस्थेतून वैयक्तिक कर्ज म्हणून उचलले, गृहकर्जापेक्षा बऱ्याच चढ्या व्याजाने. टोकन नंबर पुकारला, अंगठे झाले, कॅमेऱ्यासमोर फोटो झाले, ई-चलनाची प्रत जोडली. भाचीच्या हातातल्या फाइलीत त्या चलनाची प्रत सगळ्यात वर होती, आणि ती पुन्हा पुन्हा तीच काढून पाहत होती. सरकारने त्या दिवशी तिच्याकडून तीन लाख दहा हजार घेतले, जीएसटी वेगळा. तिला मदत म्हणून जे काही मिळणार असेल ते पुढच्या वर्षी, विवरणपत्रात, कर लागत असला तर.

तेही ताबा मिळाल्यावर. बांधकाम चालू असेपर्यंत भरलेल्या व्याजाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, घर पूर्ण झाल्यावर पाच समान भागांत मिळते. आणि कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही, तर दोन लाखांची मर्यादा ३० हजारांवर येते. ताबा लांबला तो बिल्डरमुळे, शिक्षा खरेदीदाराला. घरभाडं आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून भरणाऱ्या माणसाला कायद्याने वर ही चपराक मारायची, याचं समर्थन मी आजवर कोणाकडून ऐकलेलं नाही. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला. कलमांचे आकडे बदलले. हा अन्याय मात्र तसाच पुढे आला.

मदतीच्या दुसऱ्या रस्त्याचं, व्याज अनुदानाचंही तेच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना जास्तीत जास्त दोन लाख ६७ हजारांचं व्याज अनुदान मिळायचं. मध्यम उत्पन्न गटासाठीचं अनुदान मार्च २०२१ मध्ये बंद झालं, बाकीच्यांसाठी वर्षभराने. सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ते परत आलं: उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, मदत जास्तीत जास्त एक लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, कर्जखात्यात. चांगली योजना आहे. पण पैसे येतात ते घर झाल्यानंतर. पतसंस्थेच्या दारात उभं राहायची वेळ त्याने टळत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पहिलं घर घेणाऱ्याला व्याजाची वजावट नको, करातून थेट मिळणारी ठरावीक रक्कम द्या, जिला इतरत्र टॅक्स क्रेडिट म्हणतात. कर शून्य असला तरी ती पूर्ण मिळाली पाहिजे. करप्रणाली जुनी असो वा नवी, फरक पडता कामा नये. आणि ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, मुद्रांक शुल्काच्या चलनातच वळती झाली पाहिजे. करारनाम्यातल्या पहिल्या ३० लाखांवरचं मुद्रांक शुल्क खरेदीदाराच्या वतीने केंद्राने राज्याला द्यावं. पुण्यात ते दोन लाख दहा हजार होतं, सहा टक्के शुल्क असलेल्या मुंबईत एक लाख ८० हजार. ही रक्कम सरकारला अनोळखी नाही. जवळपास एवढंच अनुदान ते आधीही देत होतं आणि आजही देतं, फक्त उशिरा देतं. कौटुंबिक उत्पन्न १८ लाखांपर्यंत ठेवा, आवास योजनेच्या मध्यम गटाची हीच वरची मर्यादा होती. चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत. किमतीची मर्यादा मात्र घालू नका. ४५ लाखांची मर्यादा २०१९ मध्ये ठरली ती तशीच गोठली, आणि किंमत मर्यादेत बसवण्यासाठी पार्किंगचे, क्लब हाउसचे पैसे वेगळे दाखवायची पळवाट त्यातून निघते. पाच वर्षांच्या आत घर विकलं तर रक्कम परत घ्या. मुद्दलाच्या वजावटीत ही अट आजही आहे.

जुनं, दुसऱ्या हाताचं घर घेणाऱ्यालाही हे मिळायलाच हवं. सवलत फक्त नव्या प्रकल्पांना दिली की ती बिल्डरच्या दरपत्रकात मुरते. चाळीस वर्षं जुन्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला वन बीएचके अनेकांसाठी खरं पहिलं घर असतो. तिथे ताबा लांबत नाही, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही ते तपासता येतं, शेजारी कोण ते पाहता येतं.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा आहे आणि तो टाळता येणार नाही. खरेदीदाराच्या हातात पैसे दिले की किमती तेवढ्याच वाढतात, असं ते म्हणतात. घर खरेदीला सरकारी कर्जाची मदत देणाऱ्या, इंग्लंडमध्ये २०१३ पासून राबवलेल्या ‘हेल्प टू बाय’ योजनेचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी अभ्यास केला. लंडन परिसरात, जिथे नवीन बांधायला जागा आणि परवानग्या दोन्ही दुर्मीळ, तिथे किमती वाढल्या आणि बांधकाम वाढलं नाही. वेल्सच्या सीमेलगत, जिथे बांधणं सोपं, तिथे उलटं झालं: घरं जास्त बांधली गेली, किमती फारशा हलल्या नाहीत. हा निष्कर्ष मला पटतो, आणि महाराष्ट्राला तो जसाच्या तसा लागू आहे. मुंबईच्या हद्दीत असं क्रेडिट दिलं तर त्यातलं बरंचसं जमीनमालकाच्या आणि बिल्डरच्या खिशात जाईल. म्हणूनच रक्कम टक्क्यांत न ठेवता रुपयांत बांधायची. दीड कोटीच्या फ्लॅटवर एक लाख ८० हजारांनी बाजार हलत नाही. नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती इथे ३०-३५ लाखांच्या घरावर तीच रक्कम निर्णायक ठरते, आणि तिथे बांधायला जागा आहे. मुंबईकराला या योजनेतून फार काही मिळणार नाही, हे मी उघडपणे मान्य करतो. २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २,०३० घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले. त्या गर्दीचं उत्तर करसवलतीत नाही. ते सार्वजनिक जमिनीवर बांधलेल्या भाड्याच्या आणि परवडणाऱ्या घरांत आहे. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध देऊ नये.

टक्क्यांत दिलेल्या सवलतीचं काय होतं ते आपण स्वतः पाहिलं आहे. करोनाकाळात राज्याने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी कमी केलं. डिसेंबरमध्ये मुंबईत १९ हजारांहून जास्त नोंदण्या झाल्या. ठप्प बाजार हलवायला त्याचा उपयोग झाला, हे मान्य. पण ४० लाखांचं घर घेणाऱ्याचे एक लाख २० हजार वाचले आणि दहा कोटींचं घेणाऱ्याचे ३० लाख. पहिलं घर की पाचवं, हे कोणी विचारलंच नाही.

अमेरिकेने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. २००८ मध्ये पहिल्या घरासाठी ७,५०० डॉलरचं क्रेडिट दिलं, पण ते १५ वर्षांत परत करायचं होतं, म्हणजे बिनव्याजी कर्जच. २००९ मध्ये ते ८,००० डॉलर झालं, परत करायची अट गेली. कर शून्य असलेल्यालाही रक्कम मिळत होती. मुदत होती करारासाठी ३० एप्रिल २०१० ची. लोकांनी घाईने खरेदी केली आणि त्या जुलैत जुन्या घरांची विक्री जूनच्या तुलनेत चौथाईहून जास्त घसरली. मुदतीच्या खिडकीने पुढची मागणी अलीकडे ओढली, नवी फारशी निर्माण केली नाही. दुसरा धडा तपासणीचा. क्रेडिट विवरणपत्रातून मागायचं होतं, त्यामुळे तुरुंगात असलेल्या १,२९५ कैद्यांना मिळून ९१ लाख डॉलर दिले गेले, असं तिथल्या करप्रशासनाच्या महानिरीक्षकांच्या अहवालात निघालं. आपल्याकडे नोंदणीच्या वेळी खरेदीदार स्वतः हजर असतो, ओळखपत्र आणि पॅन लागतं, अंगठा आणि फोटो घेतला जातो. खोटा दावा करायला याहून अवघड जागा दुसरी नाही. महिलांची एक टक्का सूट २०२१ पासून याच टेबलावर, त्याच क्षणी दिली जाते. यंत्रणा तयार आहे.

खरी अडचण वेगळीच आहे: ‘पहिलं घर’ कशाला म्हणायचं? ८०ईईए मध्ये अट होती की कर्ज मंजुरीच्या दिवशी नावावर कोणतंही निवासी घर नसावं. आवास योजनेत अट आहे की कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नसावं. दिल्लीत बसून ही अट स्पष्ट वाटते. राजापूर किंवा पाटण तालुक्यातल्या गावात ती स्पष्ट नाही. आजोबांनी बांधलेलं घर, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर चुलते, चुलतभाऊ, आत्या मिळून दहा-बारा नावं. वडील गेल्यावर वारसांची नोंद लागते, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्कही मुलांइतकाच, म्हणून लेकीचं नावही लागतं, लागायलाच हवं. त्या घरात तिच्या वाट्याला येते गणपतीतली चार दिवसांची पडवी. ते घर ती विकू शकत नाही, गहाण ठेवू शकत नाही, त्यात राहून पिंपरीला नोकरीला जाऊ शकत नाही. पण अटीच्या भाषेत ती ‘घरमालक’ ठरते. मग बँकेचा एजंट सांगतो, स्वयंघोषणापत्रावर ‘घर नाही’ असं लिहून टाका, कोण बघतंय! प्रामाणिक माणूस लिहीत नाही आणि सवलत गमावतो. दुसरा लिहितो आणि पुढची वर्षं मनात धाकधूक ठेवून जगतो. वारसाहक्काने आलेला अविभाजित हिस्सा घर म्हणून धरू नये, एवढं एक वाक्य नियमात घातलं तर महाराष्ट्रातल्या, विशेषतः कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी कुटुंबांचा प्रश्न सुटेल. एकट्याच्या नावावर असलेलं घर मात्र धरावं, मग ते गावात असो की शहरात.

उरला पैशाचा प्रश्न. तिजोरीवर भार पडेल, ही हरकत मी गांभीर्याने घेतो, कारण जो कधीच घर घेऊ शकणार नाही त्याच्याही खिशातून हा पैसा जातो. पण घरांवर सरकार आजही सढळ हाताने सवलत देतं, फक्त ती पहिल्या घराला देत नाही. घर विकून दुसरं घर घेतलं की भांडवली नफ्यावरचा कर माफ होतो, आणि २०२३ पासून या माफीची मर्यादा दहा कोटी रुपये आहे. दहा कोटींच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी सव्वा कोटीचा कर एका माणसाला सुटतो, अधिभार वेगळा. माझ्या हिशेबात पुण्यातल्या ५९ जोडप्यांच्या पहिल्या घराचं क्रेडिट तेवढ्यात भागतं. स्वतःच्या वापरात दाखवलेल्या दुसऱ्या घराचं काल्पनिक भाडंही, म्हणजे ते भाड्याने दिलं असतं तर मिळालं असतं असं धरलेलं उत्पन्न, २०१९ पासून करमुक्त आहे. राहतं घर बदलणाऱ्या सामान्य माणसाला धक्का न लावता ही दहा कोटींची मर्यादा दोन कोटींवर आणता येईल. त्यातून जे वाचेल ते पहिल्या घरासाठी राखून ठेवावं.

केंद्राची वाट पाहत बसायचंही कारण नाही. मुद्रांक शुल्क हा राज्याचा विषय आहे, महाराष्ट्राला त्यातून आणि नोंदणीतून वर्षाला ५० हजार कोटींहून जास्त मिळतात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पी भाषणात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जास्त मुद्रांक शुल्क आकारणाऱ्या राज्यांना ते कमी करायला प्रोत्साहन देऊ, असं सांगितलेलं आहे. राज्याने येत्या अर्थसंकल्पात पहिल्या घराच्या पहिल्या ३० लाखांवर निदान दोन टक्के सूट द्यावी. ती महिलांच्या सवलतीपेक्षा वेगळी असावी, आणि पती-पत्नींच्या संयुक्त नावावर घर असलं तरी मिळावी. नोंदणी विभागाच्या संगणकात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल आणि वारसाच्या हिश्श्याबद्दलचं ते एक वाक्य अधिसूचनेत लिहावं लागेल.